घाम गळतो, पण वाळत नाही: मे महिन्यात कोकणात पळणाऱ्या मुलीच्या वडिलांना उत्तर

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातून एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगी अठरा वर्षांची, ५००० मीटर पळते. डिसेंबरात पुण्यात तिची वेळ होती १८ मिनिटं २० सेकंद. आता मेमध्ये गावच्या मैदानावर जीव तोडून पळली तरी १९ मिनिटांच्या आत येत नाही. तिचे सर म्हणतात, मनाने कच्ची पडतेय. तिची मैत्रीण शंभर मीटर पळते, तिची वेळ मात्र उन्हाळ्यात बिघडलेली नाही. मेअखेरीस मुंबईत निवड चाचणी आहे आणि कुणी तरी सुचवलंय की तोवर तीन आठवडे मुलीला महाबळेश्वरला नाही तर आंबोलीला ठेवा. वडिलांचे प्रश्न तीन: मुलगी खरंच कच्ची आहे का, थंड हवेत न्यावं का, आणि मोठे खेळाडू या उकाड्यावर काय करतात?

मी गेली बावीस वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खेळाडूंवर डॉक्टर म्हणून काम करतोय. धावपटू, कबड्डीपटू, खो-खोची मुलं, मालवणचे समुद्रात पोहणारे, सगळे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते मुलीच्या कानावर लवकर पडायला हवं. ती कच्ची नाही. चाळीस सेकंदांचा हा फरक तिच्या मनातला नाही, आपल्या हवेतला आहे. आणि तिला थंड हवेत तीन आठवडे नेऊ नका. का, ते सविस्तर सांगतो.

पळताना स्नायू जी ऊर्जा जाळतात तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा हालचालीला लागतो, बाकीची सगळी उष्णता होते. पन्नास किलोची मुलगी १८ मिनिटांच्या वेगाने पळते तेव्हा तिच्या अंगात साधारण ७५० ते ८०० वॅट उष्णता तयार होत असते. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर दर चार मिनिटांना अंगाचं तापमान एक अंशाने चढेल. ३७ वरून निघालेली मुलगी बाराव्या मिनिटाला ४० वर. प्रत्यक्षात असं होत नाही, कारण घाम येतो आणि वाळतो. एक लिटर घाम वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. शरीराचं थंड होण्याचं सगळं दुकान पळताना या एका व्यवहारावर चालतं.

वाक्यातला महत्त्वाचा शब्द ‘वाळला’ हा आहे. घाम आला म्हणजे अंग गार झालं असं नाही. कपाळावरून ओघळून मातीत पडलेल्या घामाने काहीच गार होत नाही. तो फुकट गेला, आणि जाताना पाणी आणि मीठही घेऊन गेला.

आता आपली हवा बघा. मे महिन्यात नागपुरात पारा ४४ वर जातो आणि टीव्हीवर लाल नकाशा दाखवतात. त्याच दिवशी रत्नागिरीत ३३ असतात आणि सगळे म्हणतात, तुमच्याकडे बरं आहे. पण नागपुरातली आर्द्रता दुपारी १५ टक्क्यांवर येते, आपल्याकडे ७०-७५ च्या घरात असते. तापमापकाच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळलं तर नागपूरच्या ४४ अंशांत तो सुमारे २३ दाखवेल आणि आपल्या ३३ अंशांत २९. घाम वाळून अंग किती गार होऊ शकतं याची मर्यादा हा ओला गोळा सांगतो. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर ओल्या कातडीतून हवेकडे वाफ ओढली जाते ती ओढ आपल्या किनाऱ्यावर विदर्भाच्या निम्म्याहून कमी आहे. नागपूरचं ऊन मारक आहेच, बाहेर उभं राहिलेल्या माणसाला तिथे हवाच तापवते, त्याला मी कमी लेखत नाही. पण पळणाऱ्या माणसाचा घाम तिथे वाळतो. आपल्याकडे मुलगी मैदानावरून येते तेव्हा टी-शर्ट पिळून काढता येतो. तो पिळून निघालेला घाम म्हणजे न झालेलं काम.

म्हणून जगात स्पर्धा घेणारे नुसत्या पाऱ्यावर निर्णय घेत नाहीत. डब्ल्यूबीजीटी नावाचा निर्देशांक वापरतात. त्यात ओल्या गोळ्याला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला २० टक्के आणि नेहमीच्या तापमानाला फक्त १० टक्के. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या लष्करात सराव करताना जवान दगावत होते, त्यातून हा निर्देशांक आला. फुटबॉलमध्ये तो ३२ च्या वर गेला की मध्येच थांबून पाणी पिण्याची विश्रांती देतात; २०१४ च्या विश्वचषकात ब्राझीलमधल्या फोर्टालेझाला नेदरलँड्स आणि मेक्सिकोच्या सामन्यात ती दिली गेली. फोर्टालेझाही समुद्रकाठचं शहर आहे. आपल्या तालुक्याच्या स्पर्धा मेमध्ये सकाळी अकराला अंतिम फेरी ठेवतात, तेव्हा मला हा आकडा आठवतो आणि वाईट वाटतं.

मोठ्या खेळाडूंचं काय होतं? त्यांचंही तेच होतं, फक्त ते कॅमेऱ्यासमोर होतं. २०१९ च्या सप्टेंबरात दोहाला जागतिक स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन उन्हाच्या भीतीने मध्यरात्री सुरू केली. ऊन नव्हतं, पण ३२ अंश होते आणि आर्द्रता सत्तरच्या पुढे, म्हणजे जवळपास आपला मेमधला उकाडा. ६८ जणी सुटल्या, ४० पोहोचल्या. जिंकणाऱ्या केनियाच्या धावपटूला २ तास ३२ मिनिटं ४३ सेकंद लागले. तिनेच त्याच वर्षी जानेवारीत दुबईला २ तास १७ मिनिटं ८ सेकंदांत मॅरेथॉन मारली होती. पंधरा मिनिटांचा फरक, आणि तरी ती जगात पहिली. ही जोडी मी प्रत्येक शिबिरात सांगतो. मुलीच्या सरांनाही हे आकडे दाखवा.

टोकियो ऑलिम्पिकची मॅरेथॉन तर आठशे किलोमीटर उत्तरेला सप्पोरोला हलवली. तिथेही २०२१ च्या ऑगस्टमध्ये दमट उकाडा निघालाच. पुरुषांच्या शर्यतीत १०६ जण सुटले आणि तीस जणांनी मध्येच सोडलं. केनियाचा किपचोगे जिंकला २:०८:३८ मध्ये, त्याचा तेव्हाचा विश्वविक्रम २:०१:३९ होता. ऑलिम्पिकमध्ये वेळेपेक्षा जिंकणं महत्त्वाचं असतं, त्यामुळे सात मिनिटं सगळी उकाड्याच्या खात्यावर मांडता येणार नाहीत. पण एक गोष्ट त्याच्याकडून घ्यावी: त्याने सुरुवात हवेला मान देऊन केली. उकाड्यात पहिला एक तृतीयांश टप्पा जो आवरून पळतो, तोच शेवटी पळताना दिसतो.

क्रिकेटवाल्यांना समजेल असं उदाहरण म्हणजे १९८६ च्या सप्टेंबरात मद्रासच्या चेपॉकवर ऑस्ट्रेलियाच्या डीन जोन्सने काढलेल्या २१० धावा. मद्रासही समुद्रकाठीच. आठ तासांहून जास्त तो खेळला, मैदानावर ओकत राहिला आणि बाद झाल्यावर त्याला रुग्णालयात सलाइनवर ठेवावं लागलं. आणि २०२३ च्या ७ नोव्हेंबरला वानखेडेवर ग्लेन मॅक्सवेल अफगाणिस्तानविरुद्ध पायात गोळे येऊन आडवा पडत होता, तरी एका जागी उभं राहून नाबाद २०१ पर्यंत गेला. ते सगळं आपल्याच किनाऱ्यावरच्या हवेत घडलं.

आता अंगात नेमकं काय बिघडतं ते. हृदय एकच, आणि उकाड्यात त्याच्याकडे मागणारे दोन. स्नायूंना प्राणवायूसाठी रक्त हवं आणि कातडीला उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त हवं. घामाने रक्तातलं पाणी कमी झालेलं, म्हणजे वाटायचं ते रक्तही कमी. मग प्रत्येक ठोक्याला कमी रक्त फेकलं जातं आणि ठोके वाढतात. मुलीच्या मनगटावर घड्याळ असेल तर बघा, डिसेंबरात ज्या वेगाला १६५ ठोके पडत होते त्याच वेगाला आता १७५ पडत असतील. वेग तोच, खर्च जास्त. शिवाय गरम स्नायू साठवलेली साखर भराभर जाळतात. आणि सगळ्यात वर मेंदू. कातडी तापलेली, आतलं तापमान चढतंय, हे कळलं की मेंदू स्नायूंना मिळणारा हुकूमच थोडा सैल करतो. खेळाडूला वाटतं पाय जड झाले. सरांना वाटतं पोरगी मागे हटली. खरं तर ती मेंदूने तिच्या जिवासाठी ओढलेली लगाम आहे, आणि ती लगाम शाबूत आहे याचा वडील म्हणून तुम्हाला आनंद व्हायला हवा.

मैत्रिणीचं कोडं इथेच सुटतं. शंभर मीटरला बारा-तेरा सेकंद लागतात. तेवढ्यात अंग तापायला वेळच मिळत नाही. उलट गरम स्नायू झटपट आकसतात, ताकद जास्त देतात, आणि गरम हवा किंचित विरळ असते. वेगाने पळणाऱ्याला, लांब उडीवाल्याला मे बरा. दोन-तीन मिनिटांपुढच्या शर्यतीत हा हिशेब उलटायला लागतो आणि अंतर वाढेल तसा जास्त उलटतो. दोघींना एकाच फूटपट्टीने मोजणं अन्यायाचं आहे.

थंड हवेचा प्रश्न. उकाड्याला शरीर सरावतं, आणि फार छान सरावतं. रोज तासभर तरी अंग तापेल, घाम फुटेल असा व्यायाम गरम हवेत केला की पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्तातलं पाणी वाढतं आणि त्याच वेगाला ठोके कमी पडायला लागतात. मग घाम लवकर सुरू होतो, जास्त येतो आणि त्यात मीठ कमी जातं. दहा ते चौदा दिवसांत बहुतेक काम पूर्ण होतं. पण ही ठेव थंड हवेत विरते, रोज थोडी थोडी, आणि तीन-चार आठवड्यांत बरीचशी संपते. तुमची मुलगी एप्रिलपासून वेंगुर्ल्याच्या हवेत पळतेय, म्हणजे तिने ही ठेव कमावलेली आहे. तिला तीन आठवडे महाबळेश्वरला ठेवलंत तर तिथे ती झकास पळेल, घड्याळ बघून सगळे खूश होतील आणि चाचणीच्या आदल्या दिवशी तुम्ही तिला मुंबईच्या त्याच चिकट हवेत उतरवाल, ठेव अर्धीअधिक खर्च झालेली असताना. चाचणी पुण्यात किंवा नाशकात असती तर मी कदाचित वेगळं बोललो असतो.

आंबोली मात्र तुम्हाला जवळ आहे, तिचा उपयोग वेगळा करा. आठवड्यातून एकदा पहाटे घाट चढून जा, वेगाचा मुख्य सराव तिथे करा आणि त्याच दिवशी खाली या. खरा वेग पायांना विसरू द्यायचा नाही, एवढ्यासाठीच ती फेरी. बाकीचे दिवस गावात. आणि हे चाचणीच्या दहा दिवस आधी थांबवा.

गावातला सराव कसा करायचा याबद्दल मी आग्रही आहे. उकाड्यात सलग लांब आणि जोराचं पळणं म्हणजे कमी फायदा, जास्त झीज. पाच हजार सलग जोरात पळवण्यापेक्षा एक-एक हजाराच्या फेऱ्या, मध्ये सावलीत नेहमीपेक्षा एक-दीड मिनिट जास्त विश्रांती, डोक्यावर पाणी. वेग घड्याळावरून न ठरवता ठोक्यांवरून किंवा तिच्या दमावरून ठरवा. वेळेचं लक्ष्य तेच ठेवून हवा बदलली तर आपण नकळत तिच्याकडून डिसेंबरपेक्षा जास्त मेहनत मागत असतो.

वेळ कुठली? इथे बहुतेकांचा समज चुकतो. पहाटे साडेपाचला गार वाटतं, पण तेव्हा आपल्याकडे आर्द्रता नव्वदला टेकलेली असते आणि मतलई वारा पडलेला असतो, खारा वारा अजून सुटलेला नसतो. झाडाचं पान हलत नाही. ऊन नाही म्हणून पहाट तरीही दुपारपेक्षा पुष्कळ बरी. पण संध्याकाळी साडेपाच-सहाला समुद्रावरून वारा वाहत असतो, ऊन उतरलेलं असतं, तो वेळही तितकाच चांगला, किनाऱ्याजवळ तर जास्तच. वारा अंगावरची दमट हवा हलवतो, घाम वाळायला वाव देतो. फक्त कातळावरचं मैदान असेल तर थांबा. जांभा दिवसभर ऊन पितो आणि सातपर्यंत खालून ओकत राहतो. आणि मेच्या उत्तरार्धात मळभ येतं, वळवाच्या आधी हवा कोंदते, ते दिवस ढग असूनही सगळ्यात वाईट. ऊन नाही म्हणून त्या दिवशी सराव वाढवणारे प्रशिक्षक मी पाहिलेत.

त्यांच्यात मीही होतो, म्हणून पुढचं लिहितोय. बऱ्याच वर्षांपूर्वी कबड्डीच्या एका निवासी शिबिरात मी डॉक्टर होतो. पत्र्याची शेड, आत मॅट, बाहेर मळभ. चढाई करणारा एक दणकट मुलगा, ऐंशी किलोच्या वरचा. आदल्या रात्री त्याचं पोट बिघडलं होतं, ते त्याने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. दुपारी तो चिडचिड करायला लागला. एकदा चढाई संपवून आपल्याच बाजूची रेषा चुकला. पोरं हसली. थोड्या वेळाने तो बसला आणि कलंडला. अंग घामाने निथळत होतं, हात गार लागत होते, काखेत तापमान ३८.४ भरलं. मी म्हणालो, चक्कर आहे, उष्माघात नाही, उष्माघातात अंग कोरडं असतं. पाय वर करून वारा घातला, साखर-मीठ-पाणी पाजायचा प्रयत्न केला. अर्ध्या तासाने बोलणं असंबद्ध झालं तेव्हा गाडीत घातलं. रुग्णालयात गुदद्वारातून तापमान घेतलं तेव्हा ते ४१ च्या वर होतं. स्नायू विरघळून लघवी कोकमाच्या आगळासारखी झाली होती. दोन वेळा डायलिसिस करावं लागलं. मुलगा वाचला, पुढच्या हंगामात खेळलाही. पण तो अर्धा तास माझ्या हातून गेला.

मला जे तेव्हा कळायला हवं होतं ते असं. खेळताना येणाऱ्या उष्माघातात अंग बहुतेकदा ओलंच असतं. काखेतलं, कपाळावरचं, कानातलं तापमान अशा वेळी खोटं सांगतं. खरं फक्त गुदद्वारातलं. आणि ते घेण्याची सोय नसेल तर वागणं बघा. चिडलेला, बरळणारा, दिशा चुकणारा, झोकांड्या खाणारा खेळाडू म्हणजे उष्माघात, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या मॅरेथॉनमध्ये गॅब्रिएला अँडरसन-शीस शेवटची फेरी वाकडीतिकडी, एक हात लोंबकळत, साडेपाच मिनिटांहून जास्त वेळ चालत राहिली, ते चित्रण आजही पाहता येतं. प्रशिक्षकांनी ते एकदा तरी पाहावं.

अशा वेळी आधी गार करायचं, मग हलवायचं. १०८ ला फोन करा, पण रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. पहिल्या अर्ध्या तासात तापमान ४० च्या खाली आणलं तर माणूस वाचतो. अमेरिकेत फॅलमाउथला भर उन्हाळ्यात, दमट किनाऱ्यावर एक शर्यत होते. तिथे अठरा वर्षांत उष्माघाताच्या २७४ खेळाडूंना जागीच बर्फाच्या पाण्यात बसवलं आणि एकही दगावला नाही. टब नसेल तर ताडपत्री घ्या. पाच-सहा जणांनी कडा उचलून झोळी करायची, खेळाडू मध्ये, त्यावर पाणी आणि बर्फ, आणि पाणी हलवत राहायचं. कोकणात ताडपत्री प्रत्येक घरात आहे आणि बर्फ प्रत्येक बंदरावर. मिरकरवाड्याला, मालवणला, वेंगुर्ल्याला मासळीसाठी बर्फ मिळतो तिथे स्पर्धेच्या सकाळी आधीच सांगून दोन लाद्या आणून ठेवा. तो बर्फ अंगाला लावायचा, पिण्यात घालायचा नाही. शुद्ध हरपलेल्याला तोंडाने काही देऊ नका आणि पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप जंतूंचा नव्हे, त्याने उतरत नाही.

पाण्याबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत ते तितकं महत्त्वाचं नाही. १८-१९ मिनिटांच्या शर्यतीत ती पाण्याअभावी मागे पडत नाही, उष्णता साठल्यामुळे पडते. शर्यतीत प्यायची गरजच नाही. पण रोजच्या सरावात तासाला लिटर-दीड लिटर घाम जातो आणि दुसऱ्या दिवशी ती तहानलेल्या अंगानेच मैदानावर उतरत असेल तर मात्र फरक पडतो. एक साधं काम करा. सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर गेलं. पन्नास किलोच्या मुलीचं किलोपेक्षा जास्त घटत असेल तर मधल्या विश्रांतीत प्यायला वाढवा. वजन वाढलेलं दिसलं तर ती गरजेपेक्षा जास्त पितेय, आणि तेही धोक्याचं आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम नेहमीच्या पातळीखाली गेलं होतं, त्यात पळताना वजन वाढवून आलेले पुष्कळ होते. नुसतं पाणी ढोसायला लावू नका.

घामातून दर लिटरला अंदाजे दोन-अडीच ग्रॅम मीठ जातं, कुणाचं कमी, कुणाचं बरंच जास्त. काळ्या टी-शर्टवर वाळल्यावर पांढरे डाग दिसले तर तुमच्या मुलीचं जास्त जातंय. शहाळं उत्तम, पण ते पोटॅशियम देतं. घामात गेलेल्या मिठाची भरपाई एकट्या शहाळ्याने होत नाही. मी सांगतो ते असं: सकाळी मिठाची उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणच्याची फोड. सरावानंतर आगळाचं सरबत, कारण आगळात मीठ असतंच, त्यात थोडी साखर. किंवा लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बाटलीबंद रंगीत पेयांची तिला गरज नाही.

शर्यतीच्या दिवशी खरी कमाई आहे ती सुरुवातीला अंग गार ठेवण्यात. आपल्याकडे मुलं शर्यतीआधी पाऊण तास उन्हात वॉर्मअप करतात आणि रेषेवर येतात तेव्हाच ३८ च्या वर पोहोचलेली असतात. तिचा वॉर्मअप पंधरा मिनिटांचा, सावलीत, शेवटचे चार झटके, म्हणजे छोट्या वेगवान धावा, तेवढे ट्रॅकवर. मानेवर बर्फाच्या पाण्यात भिजवलेला टॉवेल. आणि शर्यतीच्या अर्धा तास आधी, वजनाच्या किलोमागे साडेसात ग्रॅम, म्हणजे तिला पावणेचारशे ग्रॅम, बारीक चुरलेला बर्फ सरबतात घालून हळूहळू खायला द्या. मोठे खेळाडू यंत्रातून काढलेला असा बर्फाचा लगदा घेतात. वितळणारा बर्फ पोटातून उष्णता ओढून घेतो आणि आतलं तापमान अर्ध्या-पाऊण अंशाने उतरू शकतं, म्हणजे तिला दोन-तीन मिनिटांची उसंत. घरच्या उकळलेल्या पाण्याचा बर्फ आणि आगळ वापरलंत तर हा आपला कोकमाचा गोळाच आहे. सरावात दोनदा करून बघा. काहींचं पोट दुखतं, ते चाचणीच्या दिवशी कळायला नको.

आणखी थोडं, जे वडिलांनी नाही विचारलं तरी आईने लक्षात ठेवावं. पाळीआधीच्या पंधरवड्यात अंगाचं तापमान मुळातच तीन ते पाच दशांश अंशांनी जास्त असतं. त्या दिवसांत उकाडा अधिक जाणवला तर नवल नाही, तारीख वहीत लिहा. ताप, जुलाब, रात्रभर वीज नसल्याने न झालेली झोप, यातलं काहीही असेल त्या दिवशी सराव अर्धा. पाय दुखतात म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन उकाड्यात पळायचं नाही, मूत्रपिंडावर दुहेरी मार बसतो. आणि धाकटा भाऊ समुद्रात पोहतो असं तुम्ही लिहिलंय, त्यालाही हे लागू आहे. पाण्यात आहे म्हणून गार आहे असं नसतं. मेमध्ये आपल्या समुद्राचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं, आणि २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराला अशाच गरम पाण्यात फ्रॅन क्रिपेन हा अमेरिकेचा अव्वल पोहणारा १० किलोमीटरच्या शर्यतीत दगावला. त्यानंतर ३१ अंशांच्या वर खुल्या पाण्यात शर्यत घ्यायची नाही असा नियम झाला.

आजपासून एक वही घाला. रोज सकाळचं वजन, सरावाची वेळ, हजार मीटरची वेळ आणि त्यावेळचे ठोके, वारा होता की नव्हता, झोप किती. पंधरा दिवसांनी वही आणि मुलगी, दोघींना घेऊन या, आणि सरांनाही आणा. साडेबारा फेऱ्यांपैकी पहिल्या चार किती सेकंदांत पळायच्या हे आपण चौघं बसून त्या आकड्यांवरून ठरवू.